रक्त नॉर्मल, मग गाठीत एसीटीएच कसं?

पिट्युटरीच्या गाठीचं ऑपरेशन झाल्यावर काही दिवसांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात येतो आणि त्यातल्या दोन ओळी एकमेकींशी जुळत नाहीत. निदानाच्या जागी ‘नॉन-फंक्शनिंग’ लिहिलेलं असतं, म्हणजे हार्मोनचं काम न करणारी गाठ. खाली, रंगवलेल्या काचांच्या निकालात, ‘एसीटीएच पॉझिटिव्ह’ किंवा ‘एफएसएच पॉझिटिव्ह’. ऑपरेशनआधीच्या रक्ततपासण्या तर नॉर्मल होत्या. मग हे हार्मोन आलं कुठून? लॅबची काही चूक झाली का?

बहुतेक वेळा चूक झालेली नसते. त्या दोन ओळी दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. वरची ओळ सांगते, की त्या हार्मोनचा अतिरेक शरीरात दिसला नाही. खालची सांगते, की गाठीच्या पेशींच्या पोटात ते हार्मोन आहे. अशा गाठींना ‘सायलेंट’ म्हणजे मूक गाठी म्हणतात, आणि कोणत्या पेशीची गाठ मूक आहे यावर पुढची बरीच गणितं ठरतात. म्हणून ‘नॉन-फंक्शनिंग’ एवढ्या शब्दावर रिपोर्टचं वाचन थांबवू नये.

पिट्युटरी, म्हणजे पियुषिका ग्रंथी, नाकाच्या मुळामागे कवटीच्या तळातल्या हाडाच्या खोबणीत बसलेली असते. आकार वाटाण्याएवढा, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. तिच्या पुढच्या भागात पाच प्रकारच्या पेशी असतात. एक वाढीचं हार्मोन बनवते. दुसरी प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावरच्या दुधाचं. तिसरी थायरॉइडला चालना देणारं टीएसएच, चौथी मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीकडून कॉर्टिसॉल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड) काढून घेणारं एसीटीएच, आणि पाचवी बीजांडकोश व वृषण यांना हुकूम देणारी एफएसएच आणि एलएच ही जोडी. गाठ यांपैकी एखाद्या पेशीच्या वंशातून वाढते. पेशीने भरपूर हार्मोन रक्तात सोडलं तर आजार चेहऱ्यावर दिसतो: वाढीच्या हार्मोनने हात-पाय-जबडा मोठा होणारा अॅक्रोमेगली, एसीटीएचने चेहरा गोल करणारा, पोटावर जांभळे चट्टे आणणारा कुशिंगचा आजार. डॉक्टरांकडे येणाऱ्या पिट्युटरीच्या गाठींपैकी साधारण एक तृतीयांश गाठींमध्ये यातलं काहीच दिसत नाही.

पेशी गप्प का राहते

पेशीत माल तयार होणं आणि तो बाजारात पोचणं यांच्या मध्ये बरेच टप्पे असतात, आणि मूक गाठीत यातला कुठलाही टप्पा अडू शकतो.

एसीटीएचचं उदाहरण सगळ्यात स्पष्ट आहे. हे हार्मोन थेट तयार होत नाही. आधी पीओएमसी नावाची लांबलचक प्रथिनसाखळी बनते आणि मग पीसी-१/३ नावाचं एन्झाइम तिचे ठराविक जागी तुकडे करतं. त्यातला ३९ अमिनो आम्लांचा तुकडा म्हणजे एसीटीएच. बऱ्याच मूक गाठींमध्ये हे कापणारं एन्झाइम कमी पडतं. मग रक्तात जाते ती अर्धवट कापलेली किंवा न कापलेली साखळी, जिला अॅड्रिनल ग्रंथी फारशी दाद देत नाही. काचेवर वापरलेली अँटिबॉडी मात्र साखळीतला एसीटीएचचा भाग ओळखते आणि पेशी रंगते. म्हणून काच पॉझिटिव्ह, माणूस ठणठणीत.

दुसरं कारण १९७८ साली टोरोंटोच्या काल्मान कोवाच आणि एव्हा होर्वाथ यांच्या गटाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. पेशी हार्मोनचे कण बनवते, पण ते बाहेर टाकण्याआधी तिच्याच पचनपिशव्या, म्हणजे लायसोसोम, ते गिळून टाकतात. घरात शिजलं आणि घरातच संपलं.

एफएसएच-एलएच गटाची तऱ्हा वेगळी. ही गाठ अनेकदा थोडंफार हार्मोन सोडतेही, पण त्याने शरीरावर ठळक परिणाम होत नाही. पाळी थांबलेल्या बाईचं एफएसएच वयामुळेच वर असतं, त्यात गाठीचा वाटा झाकला जातो. तरुण बाईत बीजांडकोशात मोठमोठ्या गाठी होणं किंवा पुरुषात वृषण मोठं होणं हे घडतं, पण क्वचित.

आणि कधी कधी पेशी गप्प नसतेच, आपण नीट विचारलेलं नसतं. पुरुषात प्रोलॅक्टिन वाढलं तर कामेच्छा कमी होते. ती तक्रार तो सांगत नाही आणि डॉक्टर विचारत नाहीत. अंगठी घट्ट होणं, चपलेचा नंबर वाढणं, घोरणं वाढणं, रात्री हाताला मुंग्या येणं या गोष्टी ‘वय झालं’ म्हणून सोडून दिल्या जातात. दहा वर्षांपूर्वीचा फोटो शेजारी ठेवला की फरक कळतो. अशा गाठीला मूक म्हणण्यापेक्षा कुजबुजणारी म्हणावं, आणि ती कुजबुज ऑपरेशनआधीच ऐकलेली बरी.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘मूक’ हा शब्द फक्त हार्मोनच्या अतिरेकापुरता आहे. हार्मोन उडी मारून सांगत नाही म्हणून गाठ उशिरा सापडते, आणि तोवर मोठी झालेली असते. १० मिलिमीटरच्या वरची गाठ मॅक्रो, ४० मिलिमीटरच्या वरची महाकाय. ग्रंथीच्या वरच दोन्ही डोळ्यांच्या नसांची फुली असते. तिच्यावर दाब आला की दोन्ही बाजूंची कडेची नजर जाते: माणूस समोरचं वाचतो, पण दाराच्या चौकटीला खांदा घासतो, बाजूने आलेली मोटारसायकल त्याला दिसत नाही. चष्म्याचा नंबर बदलून हे सुधारत नाही. नजरेचं क्षेत्र मोजणारी पेरिमेट्री करावी लागते.

रक्ततपासणी: काय मागायचं, कुठे फसतं

प्रोलॅक्टिनपासून सुरुवात करू, कारण सर्वाधिक चुका इथेच होतात. मेंदूकडून येणारं डोपामाइन प्रोलॅक्टिनला सतत दाबून ठेवतं. ते ज्या देठातून येतं तो देठ मोठ्या गाठीखाली चेपला की दाब सुटतो आणि निरोगी पेशीच जास्त प्रोलॅक्टिन सोडतात. हा आकडा सहसा १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खालीच राहतो. म्हणजे तीन सेंटिमीटरची गाठ आणि प्रोलॅक्टिन ६० असेल तर ती प्रोलॅक्टिनची गाठ असण्याची शक्यता कमी, आणि प्रोलॅक्टिनच्या गाठीसारखी गोळीने ती विरघळेल अशी आशाही कमी. उलटा धोकाही आहे. प्रोलॅक्टिन प्रचंड असेल तर काही यंत्रांमध्ये अँटिबॉडी बुडून जातात आणि आकडा खोटाच कमी येतो. यावर उपाय सोपा: नमुना शंभर पट पातळ करून पुन्हा मोजायला सांगायचा. मोठ्या गाठीत प्रोलॅक्टिन नॉर्मल किंवा किंचित जास्त आलं, तर ही एक ओळ लॅबच्या कागदावर लिहिल्याने नको असलेलं ऑपरेशन टळू शकतं.

वाढीच्या हार्मोनसाठी आयजीएफ-१, म्हणजे त्या हार्मोनच्या हुकमाने मुख्यतः यकृतात बनणारं प्रथिन, मोजतात, आणि ते वयानुसार वाचायचं असतं. साखर अनियंत्रित असेल, यकृत बिघडलेलं असेल, खाणं फार कमी असेल किंवा तोंडाने इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू असतील, तर ते खोटंच कमी दिसतं. शंका उरली तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून वाढीचं हार्मोन दबतं का ते बघतात.

एसीटीएचच्या छुप्या अतिरेकाची शंका असेल तर रात्री ११ वाजता १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन (एक स्टेरॉइड) घेऊन सकाळी ८ वाजता कॉर्टिसॉल मोजतात. ते १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेलं पाहिजे. गर्भनिरोधक गोळ्यांमुळे ही तपासणी खोटी पॉझिटिव्ह येते, त्यामुळे गोळ्यांचा उल्लेख आधीच करावा. केसांसाठी घेतलेलं जास्त मात्रेचं बायोटिनही अनेक हार्मोन तपासण्यांचे आकडे बिघडवतं. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस ते बंद ठेवावं.

अतिरेकाइतकाच तुटवडा महत्त्वाचा. गाठीने चेपलेल्या निरोगी ग्रंथीचं काम कमी पडतं. सकाळी ८ चं कॉर्टिसॉल ३ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर तुटवडा धरावा. १५ च्या वर असेल तर बहुधा नाही. मधल्या आकड्याला उत्तेजन चाचणी, म्हणजे औषधाने चालना देऊन कॉर्टिसॉल वाढतं का ते बघणं, लागते. थायरॉइडसाठी इथे एकटं टीएसएच पुरत नाही, कारण बिघाड टीएसएच बनवणाऱ्या ठिकाणीच आहे. फ्री टी-४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, सोबत हवंच. आणि कॉर्टिसॉल व थायरॉइड दोन्ही कमी असतील तर आधी स्टेरॉइड, मग थायरॉइडची गोळी. हा क्रम उलटा झाला तर अॅड्रिनलचा जीवघेणा झटका येऊ शकतो. पाळी थांबलेल्या बाईचं एफएसएच कमी आलं तर तेही ग्रंथी दबल्याचं लक्षण आहे. त्या वयात ते वरच असायला हवं.

काचेवर गाठ कशी बोलते

नाकातून केलेल्या ऑपरेशनमध्ये निघणारा तुकडा छोटा असतो. गाठ मऊ असेल तर तिचा बराच भाग सक्शनमध्ये वाहून जातो आणि पॅथॉलॉजिस्टकडे तीन-चार चिमट्यांएवढं ऊतक पोचतं. त्यातलं फ्रोझन सेक्शनवर, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच ऊतक गोठवून केलेल्या झटपट तपासणीवर, खर्च झालं, कापसावर वाळलं किंवा चिमट्यात चिरडलं, तर पुढची सगळी तपासणी लंगडी होते. तुकडा निघाल्याबरोबर त्याच्या किमान दहा पट १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये गेला पाहिजे.

मग तो मेणात बसवतात. या मेणाच्या ठोकळ्याला ब्लॉक म्हणतात. ब्लॉकचे ३ ते ४ मायक्रॉन जाडीचे काप काचेवर घेतात. पहिली गोष्ट बघायची ती ही, की हा तुकडा खरंच गाठीचा आहे का. निरोगी ग्रंथीत पेशींच्या छोट्या पुंजक्यांभोवती रेटिक्युलिन धाग्यांची जाळी असते. गाठीत ती मोडते. रेटिक्युलिनचा रंग स्वस्त आहे, जुना आहे आणि अजूनही तितकाच मोलाचा आहे. तो वगळला तर निरोगी ग्रंथीच्या कडेच्या पेशी एसीटीएचला रंगलेल्या पाहून गाठच पॉझिटिव्ह ठरवण्याची चूक सहज होते.

त्यानंतर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजेच आयएचसी. काप गरम द्रावणात ठेवून फॉर्मॅलिनने झाकलेली प्रथिनं उघडी करतात, त्या प्रथिनाला नेमकी चिकटणारी अँटिबॉडी घालतात, आणि ती जिथे चिकटली तिथे तपकिरी रंग येतो. बाकी केंद्रकं निळी. हार्मोन असेल तर पेशीचा द्रवभाग तपकिरी होतो. कंट्रोल म्हणून निरोगी पिट्युटरीचा काप सोबत रंगवतात. तोच रंगला नसेल तर रुग्णाच्या काचेवरच्या ‘निगेटिव्ह’ला काही अर्थ नाही.

अडचण अशी, की हार्मोनचा रंग अनेकदा ठिपक्याठिपक्यांचा असतो. एफएसएच आणि एलएच तर फार तुटक दिसतात: शंभरात पाच पेशी रंगल्या, उरलेल्या कोऱ्या. किती टक्क्यांना पॉझिटिव्ह म्हणायचं यावर लॅबा-लॅबांत एकमत नाही. एलएच, एफएसएच, टीएसएच यांचा एक अर्धा भाग सारखाच असल्याने अँटिबॉडी चांगली नसेल तर एकाच्या जागी दुसरं रंगतं. छोट्या तुकड्यात नेमक्या कोऱ्या पेशी आल्या, तर गाठीवर ‘नल सेल’ म्हणजे बेवारस असा शिक्का बसतो. कित्येक वर्षं असे शिक्के सढळपणे बसत राहिले.

हुकूम देणारी तीन प्रथिनं

यावर उपाय पेशीच्या केंद्रकात सापडला. पेशी काय बनवते हे तुटकपणे दिसतं, पण ती कोणत्या घराण्याची आहे हे ठरवणारी प्रथिनं, म्हणजे ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर, बहुतेक पेशींत टिकून असतात. ती तीन आहेत. पिट-१ असेल तर वाढीचं हार्मोन, प्रोलॅक्टिन आणि टीएसएच यांचं घराणं. टी-पिट असेल तर एसीटीएचचं. हे प्रथिन २००१ साली मॉन्ट्रियलमध्ये ओळखलं गेलं. एसएफ-१ असेल तर एफएसएच-एलएचचं. यांचा तपकिरी रंग केंद्रकात येतो, द्रवभागात नाही. रिपोर्टमध्ये ‘न्यूक्लिअर’ हा शब्द त्यासाठी असतो, अणूशी त्याचा संबंध नाही.

याने किती फरक पडला? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी रुग्णांवरच्या एका अभ्यासात हार्मोनला अजिबात न रंगलेल्या शंभरावर गाठी या तीन प्रथिनांसाठी पुन्हा रंगवल्या. सुमारे दोन तृतीयांश एसएफ-१ घराण्याच्या निघाल्या, सुमारे चौथा हिस्सा टी-पिटचा, आणि खरोखर बेवारस उरल्या त्या पाचेक टक्के. यातला तो चौथा हिस्सा लक्षात ठेवावा: एसीटीएच रंगलं नाही, तरी गाठ एसीटीएचच्याच घराण्यातली होती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ च्या वर्गीकरणात घराण्याला पाया मानलं आणि २०२२ मध्ये ते आणखी पक्कं केलं. आता ‘नल सेल’ म्हणायचं असेल तर तिन्ही प्रथिनं आणि सगळी हार्मोन्स निगेटिव्ह दाखवावी लागतात. त्याच २०२२ च्या वर्गीकरणात अॅडिनोमाच्या जागी ‘पिट-नेट’ म्हणजे पिट्युटरी न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर हे नाव आलं, आणि त्याचा सांकेतिक आकडा कर्करोगाच्या रांगेतला आहे. त्यामुळे रिपोर्ट वाचून घरात रडारड होते. ती होऊ नये. नाव बदललं, गाठीचं वागणं बदललेलं नाही. शरीरात इतरत्र पसरणारी पिट्युटरीची गाठ शंभरात एकही नसते.

खर्चाचं बोलायचं तर प्रत्येक अँटिबॉडीचे पैसे वेगळे लागतात. ऊतक आणि पैसे दोन्ही मर्यादित असतील, तर आधी ही तीन प्रथिनं आणि मग जे घराणं निघेल त्याचीच हार्मोन्स, हा क्रम शहाणपणाचा आहे. सहा हार्मोन्स रंगवून टी-पिट न करणं हा उलटा हिशेब आहे. टी-पिटची अँटिबॉडी सगळीकडे नसते. नसेल तर ब्लॉक ती असलेल्या लॅबकडे पाठवता येतो.

घराणं कळल्याने पुढे काय बदलतं

मूक गाठींपैकी बहुसंख्य एसएफ-१ घराण्याच्या असतात. त्या हळू वाढतात, आणि पूर्ण निघाल्या तर बराच काळ शांत राहतात. पूर्ण निघाल्या नाहीत तरी वर्षाकाठी एमआरआय करून अनेकांचं चालतं.

मूक एसीटीएच गाठीबाबत जास्त सावध राहावं लागतं. ती शेजारच्या कॅव्हर्नस सायनसमध्ये, म्हणजे डोळा हलवणाऱ्या नसा आणि मेंदूची मुख्य धमनी जिथून जाते त्या जागेत, जास्त वेळा घुसते. तिथून ती पूर्ण काढणं धोक्याचं असतं. तिच्यात अचानक रक्तस्राव होण्याचं प्रमाणही जास्त. ती परत येण्याचं एकूण प्रमाण किती जास्त यावर अभ्यासांत फरक आहेत, पण परत आली तर ती तरुण वयात, लवकर आणि पुन्हा पुन्हा येते, हे बऱ्याच ठिकाणी दिसलं आहे. म्हणून उरलेल्या तुकड्याला किरणोपचार द्यायचे की थांबायचं, हा निर्णय इथे लवकर घेतला जातो. किरणांसाठी डोळ्याच्या नसेपासून गाठीला काही मिलिमीटरचं अंतर लागतं. तुकडा वाढून नसेला टेकल्यावर ती सोय हातची जाते.

शिवाय ही गाठ कायम मूक राहीलच असं नाही. वर्षांनंतर खरा कुशिंगचा आजार झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. त्यामुळे दर भेटीत एमआरआयबरोबर रक्तदाब, साखर, वजन बघावं. जमिनीवर मांडी घालून बसल्यावर हात न टेकता उठता येतं का, हेही विचारावं. मांड्यांची ताकद जाणं ही कॉर्टिसॉलची खूण आहे आणि तिला तपासणीचा खर्च नाही. ऑपरेशननंतर लगेच कॉर्टिसॉल अनपेक्षितपणे कोसळलं, तर ही गाठ आधीपासून थोडं कॉर्टिसॉल वाढवत होती का, असाही विचार करावा. हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या चालू असतील तर सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचं, नाहीतर मोजलं जातं ते गोळीचंच कॉर्टिसॉल.

पिट-१ घराण्यातल्या मूक गाठींतली विरळ कणांची (पेशीत हार्मोनचे कण तुरळक असलेली) वाढीच्या हार्मोनची गाठ आणि अपक्व पिट-१ गाठ, या दोन्ही जोमाने वाढू शकतात. त्यांच्यात आयजीएफ-१ आणि फ्री टी-४ पुन्हा तपासत राहावं, कारण या पेशी नंतर बोलू लागू शकतात. केआय-६७ हा आकडा पेशी किती वेगाने वाढताहेत ते सांगतो. ३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल आणि गाठ शेजारी घुसलेली असेल, तर दोन्ही मिळून धोका वाढतो. एकट्या आकड्यावर घाबरू नये.

ऑपरेशननंतरचा पहिला एमआरआय साधारण ३ ते ६ महिन्यांनी करतात. त्याआधी सूज, रक्त आणि ऑपरेशनच्या पोकळीत भरलेली चरबी यांत उरलेली गाठ नीट ओळखू येत नाही. ती सीडी जपून ठेवावी, कारण पुढचा प्रत्येक एमआरआय शेवटच्या चित्राशीच नव्हे, तर या पहिल्या चित्राशीही ताडून बघायचा असतो. वर्षाला एक मिलिमीटरची वाढ लागोपाठच्या दोन चित्रांत नजरेतून सुटते, पाच वर्षांच्या अंतराने स्पष्ट दिसते.

आणि ज्यांचं ऑपरेशन २०१७ च्या आधी झालं, ज्यांच्या रिपोर्टवर ‘नल सेल’ किंवा फक्त ‘नॉन-फंक्शनिंग अॅडिनोमा’ लिहिलेलं आहे, ज्यांची गाठ आता पुन्हा वाढते आहे, त्यांनी जुना ब्लॉक शोधावा. मेणातलं ऊतक साध्या तापमानाला वर्षानुवर्षं टिकतं. ज्या लॅबने रिपोर्ट दिला तिथे रिपोर्टवरचा बायोप्सी क्रमांक सांगून लेखी अर्ज केला की ब्लॉक मागता येतो. फक्त रंगवलेल्या काचा मिळाल्या तर त्यावर नवी तपासणी सहसा होत नाही, म्हणून ब्लॉक किंवा न रंगवलेले काप मागावेत. नव्या लॅबला स्पष्ट लिहून द्यावं: पिट-१, टी-पिट, एसएफ-१. काम झाल्यावर ब्लॉक परत घ्यावा आणि उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नये, मेण वितळतं.